लिअँडरचा मास्क

टोरोंटो, १९ मे २०२०

प्रिय आई,

आधी हे सांगते, आपला लिअँडर जिवंत आहे. कोरोनाचा ताप उतरलाय. काल त्याने वाटाण्याचं सूप घेतलं, निम्मं सांडलं.

'थकलाय म्हणून बोलत नाही' असं मी फोनवर म्हणाले, ते खोटं होतं गं. त्याला पक्षाघात झालाय. या आजारात रक्ताच्या गुठळ्या होतात. उजवा हात हलत नाही, वाचा गेलीय.

मी पक्षाघाताच्याच वॉर्डातली नर्स. तोंड एका बाजूला ओघळलेलं दिसलं की धावत या, असं जगाला सांगते. आणि घरात भावाला बजावलं, "माझ्यासमोर मास्क काढलास तर बघ!" तो म्हणायचा, "बरं, हेडबाई."

त्या सकाळी चहा दिला, तर तो नुसता बघत राहिला. मला वाटलं, रुसलाय. "बस मग रुसून," म्हणाले आणि ड्यूटीवर गेले. संध्याकाळी आले तेव्हा चहा तसाच होता, मास्कही तसाच. गुठळी विरघळवणारं औषध पहिल्या काही तासांतच देता येतं, ती वेळ टळून गेली होती.

तुझा गुडघा कसा आहे? खेकड्यांच्या बोटी निघाल्या का? यंदा लिअँडरच्या जागी दुसरा कुणी घ्यायला सांग.

आणि शेजारच्या मर्सीला तू सारखं सांगतेस ना, "आमची बर्नी आहे त्याच्याजवळ, मला घोर नाही"? तेवढं आता सांगू नकोस.

तुझीच,
बर्नी