एक न सुधारलेला फोटो हवा आहे

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कमरेत उसण भरली आहे, तेव्हा वाकणं जमेल तितकंच धरावं). तुझे गुडघे आणि दाजींचा रक्तदाब एकमेकांना सांभाळून घेत असतील अशी आशा आहे. दोन वर्षं तू माझ्याशी बोलत नाहीस, म्हणून उत्तर येणार असं धरून लिहीत नाही. तीन वर्षांपूर्वी ही गेल्यापासून घरात अशा एकतर्फी संभाषणाची सवय झालीच आहे.

तर, माझ्या तोंडावर फोटो पडला. माझ्या स्टुडिओच्या भिंतीवर एका जोडप्याची तीन फुटी फ्रेम होती. तिच्याखाली उभा राहून मी धूळ पुसत होतो, तेवढ्यात ती खिळ्यासकट खाली आली. काचेने डाव्या डोळ्याखालून गालापर्यंत सात टाक्यांची वाट काढली. जोडपं शेवटपर्यंत हसत होतं. टाके घालणारे डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे फार बोलू नका, हसू नका, जखम ओढली जाते. मी म्हटलं, अहो, तीन वर्षं हेच पथ्य चालू आहे. ते हसले नाहीत (त्यांना टाके नव्हते).

टाके निघाले, व्रण राहिला आणि सल्लागार उगवले. न्हावी म्हणाला, दाढी वाढवा (डोळ्याखाली). शेजारच्या शिंपीणबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "शिवण सरळ आहे हो, पण दोरा जाडा घेतला." शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाई गाठल्या. त्यांनी आधी सिलिकॉनची जेल दिली, उन्हात जाताना लावायचं मलम दिलं आणि रोज दोनदा बोटाने मालिश सांगितली. घरातल्या कुणाकडून करून घेतलीत तर दाब बरोबर पडेल, म्हणाल्या. मी आरशाकडून करून घेतली. चार महिन्यांनी त्यांनी पुढचं समजावलं: व्रण फुगला असता तर इंजेक्शनं, खड्डा पडला असता तर बारीक सुया, लाल राहिला असता तर लेसर. माझा मात्र पापणीला खाली ओढतोय, म्हणून तो कापून नव्याने शिवायचा. मी विचारलं, म्हणजे जाईल ना? त्या म्हणाल्या, "व्रण जात नाही हो, फिका होतो." ताई, मला धंद्याचा अपमान झाल्यासारखं वाटलं. तीळ, देवीचे वण, सुरकुत्या, मी फोटोतले दिवसाला चाळीस चेहरे साफ करतो, एकेक चहा गार व्हायच्या आत.

पुढे फजिती झाली. पापणी आधीपासून उतरलेली होती का हे बघायला त्यांनी अपघाताच्या आधीचा फोटो मागितला. मी ऐटीत सहा नेले. त्यांनी एकेक उजेडात धरला. "हे कोण?" "मी." "दोन्ही डोळे अगदी सारखे आहेत." "ते मी केलेत." दुसऱ्यात नाक सरळ, तिसऱ्यात गळ्याखालची घडी गायब. वीस वर्षांत माझा एकही फोटो माझ्या हातून सुटलेला नाही. बाईंनी सहाही परत दिले आणि विचारलं, "तुम्ही दिसता कसे, हे कुणाला ठाऊक आहे का?" घरी येताना मी हिशेब केला. एक वारली. दुसरी तू, आणि तू बोलत नाहीस.

का बोलत नाहीस तेही आता कळलं. तुझ्या निवृत्तीचा फोटो मोठा करताना मी तुझ्या हनुवटीवरचा भाजल्याचा डाग काढून टाकला. भेट म्हणूनच काढला, हे दुर्दैव. तू म्हणालीस, ही बाई ज्यांची कोण असेल त्यांना पाठव. मला वाटलं, मास्तरीणबाईंचा स्वभाव. तीन वर्षांचा मी कढत पाण्याचं पातेलं ओढलं आणि तू मध्ये आलीस, म्हणून तो डाग. हे माहीत असणारं आता आपल्या दोघांशिवाय कुणी नाही, आणि मी ते दोन मिनिटांत पुसलं. चुकलो.

शाळेच्या फाटकापाशी काढलेला आपल्या दोघांचा फोटो तुझ्याकडे असेल. माझी पापणी पडकी, तुझी हनुवटी जशीच्या तशी. तो तेवढा पाठव.

तुझा,
धाकटा

ता. क. पोस्टात फोटो दुमडतात. हाती आणलास तर बरं.

ता. ता. क. फोटोवाचून अडलेलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उजव्या पापणीवरून अंदाज बांधता येतो. अडलंय ते वेगळंच. येत्या गुरुवारी शस्त्रक्रिया आहे, नंतर एका डोळ्यावर पट्टी, आणि घरी न्यायला माणूस असल्याशिवाय त्या हात लावणार नाहीत. फॉर्मवर 'जवळचे नातेवाईक' असा रकाना होता. शिंपीणबाई चालतील का विचारलं, तर डॉक्टरीणबाई नाही म्हणाल्या. मग तुझं नाव घातलं. तुला न विचारता, हेही कबूल.

आणखी एक. गुरुवारी नऊला निघायचं आहे. स्टुडिओचं शटर अर्धं वर असेल. मी बाहेर उभा दिसलो नाही तर किल्ली शिंपीणबाईंकडे आहे. (उभा असेनच.)