मावशीच्या वस्त्राचा काठ

४ मार्च
मावशीच्या कानामागे लाल रंग सापडला!
मावशी म्हणजे आमच्या संग्रहालयाच्या पहिल्या दालनातली संगमरवरी बाई. वय दोन हजारांच्या पुढे, पण शिपायापासून संचालकबाईंपर्यंत सगळे तिला मावशीच म्हणतात. भिंगातून पाहिलं तेव्हा आधी वाटलं, माझ्याच हातमोज्याला काही लागलंय. मोजा बदलला. लाल तिथंच — टाचणीच्या डोक्याएवढा.
म्हणजे ही पांढरी कधी नव्हतीच. आणि मी बावीस वर्षं शाळेच्या मुलांना सांगतेय, बघा, कशी शुभ्र आहे!

६ मार्च
केसांच्या खाचेत काळा. ओठांच्या कोपऱ्यात पुन्हा लाल. वस्त्राच्या काठावर मात्र काहीच नाही. तिथला दगड खरवडल्यासारखा.

९ मार्च
कपाटातली जुनी नोंदवही काढली. 'मळ व रंगाचे अवशेष ताठ ब्रश आणि आम्लाने काढले. काम तीन दिवस.' खाली सही. हीच सही माझ्या सगळ्या प्रगतिपुस्तकांवर आहे.
घरी आले तर बाबा भाजी निवडत बसलेले. कामावर काय नवीन, म्हणाले. म्हटलं, काही नाही.

१० मार्च
आजही बाबांना नाही विचारलं.

१५ मार्च
मावशीची प्लास्टरची प्रत करून रंगवायची, मूळ मूर्तीशेजारी ठेवायची, असं ठरलं. काठाचं काय, असं संचालकबाईंनी विचारलं. पुरावाच नाही, पांढरा सोडू, म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या, मग तो कुणी घासला तेही फलकावर लिहायला हवं, नावासकट.
बाबांना इथून निवृत्त होऊन चोवीस वर्षं झाली, तरी जुनी माणसं अजून म्हणतात, त्यांच्यासारखा हात पुन्हा झाला नाही.

१६ मार्च
जेवताना सांगून टाकलं. नोंदवही, काठ, फलक — सगळं. बाबांचा घास हातातच राहिला. मग जेवले, ताट विसळलं, खोलीत गेले.
तेव्हा तशीच पद्धत होती, असं ते म्हणतील आणि मी भांडेन, अशी तयारी करून बसले होते. ते भांडले असते तर बरं झालं असतं. ब्याऐंशीव्या वर्षी माणसाला हे ऐकवून मी काय मिळवलं?

१७ मार्च
अबोला. पण सकाळचा चहा माझ्या टेबलावर झाकून ठेवलेला.

१९ मार्च
बाबा न सांगता संग्रहालयात आले. एकटे, बसने. मावशीसमोर तासभर उभे. खुर्ची दिली, बसले नाहीत. तेवढ्यात संचालकबाई आल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. बाबांनीच विषय काढला.
"फलकावर माझं नाव घाला. फक्त आडनाव नीट लिहा, लोक ऱ्हस्वदीर्घात घोळ घालतात."
बाई हसल्या. मला हसू आलं नाही.

२० मार्च
सकाळी बाबांनी जुन्या पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने काहीतरी काढून माझ्यापुढे सरकवलं. पानांची ओळ — एक सुलटं, एक उलटं.
"काठ पांढरा सोडू नकोस. निळा होता. त्यावर ही पानं, पिवळी. तीन दिवस दुसरं काही पाहिलंच नाही मी."
जगात तो काठ रंगासकट पाहिलेला हा एकच माणूस.
संग्रहालयात न्यायचा डबा आज दोघांचा भरला.