'फ्लेन्स'ची नोंद

एडिंबरा, १२ जानेवारी १९६५

ती. बाबांना, नमस्कार.

सुखरूप पोचले. खोली कोरडी आहे, खाणं जेमतेम. शेजारच्या बोरगिल्ड काकूंनी बरोबर दिलेलं तपकिरी चीज इथल्या घरमालकीणबाईंना साबण वाटलं.

शब्दकोशाच्या कचेरीत मला पहिला शब्द मिळाला: इंग्रजी क्रियापद 'फ्लेन्स'. नॉर्वेची म्हणून मुद्दाम मला दिला. डेन्मार्क आणि हॉलंडच्या देवमासे मारणाऱ्यांकडून तो इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी आपल्या डोंगरी बोलीतलं 'फ्लिन्सा', म्हणजे साल ओरबाडणं, असावं. इथवर मी आले आहे. अर्थ मात्र जुन्या कोशात 'देवमासा कापून तुकडे करणे' एवढाच आहे. बावीस हंगाम तुम्ही दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रात हेच केलंत आणि घरी कधी चकार शब्द काढला नाहीत. आता काढा. ३१ मार्चपर्यंत नोंद मान्य झाली तर नोकरी कायम, नाहीतर हामारच्या शाळेत पुन्हा व्याकरण शिकवायचं.

कंटाळा न करता लिहा.

तुमची गुनवोर


सान्देफ्योर, २५ जानेवारी

चि. गुनवोर, आशीर्वाद.

तुझ्या कोशवाल्यांनी देवमासा पाहिलेला दिसत नाही. तुकडे करणं हे लेमरचं काम. फ्लेन्सर तुकडे करत नाही. तो खिळ्यांचे बूट घालून माशावर चढतो आणि लांब चिरा देतो. चरबीच्या टोकाला आकडा अडकवतात, दोरखंड गुंडाळणारी विंच ओढू लागते, आणि केळ्याची साल निघावी तशी वीतभर जाडीची पट्टी निघत जाते. तो सुरीने ती मांसापासून सोडवत चालतो. सगळी चरबी निघाली की मग लेमर येतात. सील किंवा ससा सोलणं वेगळं, त्याला आपण 'फ्लो' म्हणतो. ते कुणालाही येतं. हे तुझ्या साहेबाला ऐकव.

छपराची गळती थांबवली. काकू चीजबद्दल विचारत होत्या. साबणाचं सांगितलं नाही.

प्रकृतीला जप.

तुझे बाबा


एडिंबरा, ९ फेब्रुवारी

ती. बाबांना, नमस्कार.

फार्कर साहेबांनी तुमचं पत्र माझ्याकडून शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, की सगळं ठीक आहे, पण तुझे वडील छापलेले नाहीत. इथे छापील वाक्याशिवाय काही चालत नाही. माझ्या खोक्यात सतरा चिठ्ठ्या आहेत. प्रत्येकीवर एक इंग्रजी वाक्य, साल आणि पान. सतराही जण कठड्याला टेकून बघणारे प्रवासी, आणि सतरांनाही तुकडेच दिसले. फ्लेन्सर आणि लेमर यांची कामं वेगळी दाखवणारं एक जरी छापील वाक्य आणलंस तर अर्थ बदलू, असं साहेब म्हणतात. चुकीच्या अर्थाखाली मी सही करणार नाही, असं मी त्यांना सांगून बसले आहे. हा स्वभाव कुणाचा ते तुम्हाला ठाऊक आहे.

तुम्ही त्रास करून घेऊ नका. मी शोधते आहे.

गुनवोर


सान्देफ्योर, २ मार्च

चि. गुनवोर, आशीर्वाद.

सोबत कामाच्या नियमांचा एक कागद आहे. कंपनीने १९५१ साली छापला. वर आपल्या भाषेत, खाली इंग्रजीत, कारण बरेच लोक स्कॉटलंडचे होते. खालचं वाच. फ्लेन्सरने हात वर केल्याखेरीज विंच ओढू नये. चरबीची पट्टी ताणावर असेपर्यंत लेमरने डेकवर येऊ नये. एकही लेमर डेकवर असताना फ्लेन्सरने हात वर करू नये.

हा कागद छापावा लागला तो माझ्यामुळे. बोरगिल्ड काकूंचे यजमान, आपले ओडवार, न्यूमोनियाने गेले असं तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. ते लेमर होते. विसरलेली सुरी घ्यायला परत डेकवर आले. त्या दिवशीचा तो चौथा मासा होता, पाळी संपत आली होती. मी मागे न बघता हात वर केला. आकडा चरबीतून सुटला आणि त्यांना लागला. मॅनेजरने तारेत न्यूमोनिया लिहिलं. घरी आल्यावर मीही काकूंना तेच सांगितलं.

कागद वापर.

तुझे बाबा


एडिंबरा, ११ मार्च

ती. बाबांना, नमस्कार.

वाक्य हवं तसंच आहे. साहेबांना अजून दाखवलेलं नाही. दाखवलं तर ते छापलं जाईल, तेही ओडवार काका गेले त्याच सालासकट. काकूंना हे माझ्या कोशातून कळता कामा नये. तुम्ही त्यांना सांगितल्याचं पत्र येईपर्यंत कागद माझ्या पेटीत राहील. तारीख गेली तर गेली, हामारची शाळा कुठे पळून जात नाही.

तुम्ही मला सांगितलंत. आता काकूंनाही सांगा.

तुमचीच, गुनवोर


सान्देफ्योर, २२ मार्च

चि. गुनवोर, आशीर्वाद.

काल काकूंकडे जाऊन आलो. सगळं सांगितलं. त्यांनी कॉफी ओतली, एकच कप, स्वतःचा. त्यांची पिऊन होईपर्यंत मी बसून राहिलो. मग त्यांनी विचारलं, की खरंच सुरी घ्यायला आले होते का. हो म्हटलं. विसराळू होतेच मेले, म्हणाल्या. कागदावर त्यांचं नाव आहे का, असं विचारलं. नियमांत नावं नसतात, असं मी सांगितलं. मग पोरीला वापरू दे, म्हणाल्या.

मी दारापर्यंत आल्यावर त्यांनी सांगितलं, की यापुढे शनिवारी लाकडं फोडायला येऊ नका. चौदा वर्षं जात होतो.

तेव्हा कागद साहेबाला दे, आणि अर्थ नीट लिही.

माझे शनिवार आता मोकळे असतील. ईस्टरला सुट्टी मिळाली तर ये.

तुझे बाबा