पुलाखाली बोलू

ता. ३ नोव्हेंबर

प्रिय वन्संना स.न.वि.वि. यात विनंती कमी, तक्रार जास्त.

फोनच केला असता, पण तुमचे बंधुराज समोर पेपर वाचत बसलेत आणि तक्रार त्यांचीच आहे. छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना जुन्या कालव्याचं वेड लागलंय. एके काळी त्यातून मालाच्या होड्या जायच्या म्हणे. आता आहे नुसतं लव्हाळं आणि चिखल. नगरपालिकेने काठाने पायवाट करून माहितीचे फलक लावलेत, ते हे रोज सकाळी परीक्षा असल्यासारखे वाचून येतात.

घरात मात्र मौनव्रत. शिलाई मशीनवर बसून मी गिऱ्हाइकांच्या गमती सांगाव्यात, तर नुसतं 'हं'. चहा हवा का विचारलं तरी 'हं'. पुन्हा विचारलं की उठून कालव्यावर. वन्सं, मला वाईट वाटतं. इतक्या वर्षांच्या संसारानंतर या माणसाला माझ्याशी बोलण्यासारखं काही उरलं नाही की काय, असं मनात येतं आणि शिवण चुकते.

लोभ माझ्यावर जरा जास्त असू द्या, बंधूंवर जरा कमी.

तुमची वहिनी

ता. ९ नोव्हेंबर

ती. वहिनीस सा. न.

पत्र वाचून हसले, मग हसल्याबद्दल वाईट वाटलं. दादाचं मौन आम्हाला नवीन नाही. लहानपणी रुसला की जिन्याखाली जाऊन बसायचा आणि पानं वाढली की सगळ्यांच्या आधी हजर. हल्ली माझाही फोन उचलत नाही. चुकून उचललाच, तर तुमच्या हातात देऊन मोकळा होतो.

माझं ऐका, त्याच्याबरोबर जा. बूट घाला, त्या शोभेच्या चपला नकोत. नवऱ्याचं वेड मोडता येत नसेल तर त्यात सामील व्हावं, असं माझं मत आहे. आमच्या घरच्या बुद्धिबळाच्या बाबतीत मी ते कधी पाळलं नाही, ते सोडा.

आशीर्वाद असू द्या, आणि दादाला माझ्याकडून एक चिमटा.

तुमची धाकटी नणंद

ता. १८ नोव्हेंबर

प्रिय वन्संना स.न.वि.वि.

गेले. बूट घालून गेले. पूर्वी घोडे ज्या वाटेने होड्या ओढायचे, त्या वाटेवर तुमचे बंधू पुढे आणि मी मागे, ही आमची लग्नापासूनची पद्धत. पाणी अडवून होडी जिथे वरच्या टप्प्यावर चढवायचे, तिथल्या दरवाजाच्या कुजक्या फळ्या पाहिल्या. पुलाच्या कोपऱ्यातल्या दगडाला दोर घासून घासून खाचा पडल्यात, बोटं आत जातात. खरं सांगते, मला आवडलं.

कमानीखाली थांबून हे म्हणाले, बोल आता. आणि मी बोलले त्या प्रत्येक गोष्टीला नीट उत्तर. शेजारणीच्या पडद्यांची हकिगत ऐकून तर पोट धरून हसले. म्हटलं, आली गाडी रुळावर. बाहेर पडल्यावर मी मागून टोमणा मारला, घरात तोंडाला टाके कोण घालतं म्हणून. वळले नाहीत. आवाज चढवला, तरी नाही. तेवढ्यात मागून एक सायकलवाला घंटी वाजवत आला. मी बाजूला झाले, हे मधोमध चालतच राहिले. त्याने कशीबशी सायकल गवतात घातली.

वन्सं, त्यांना ऐकू येत नाही. छापखान्यातल्या यंत्रांनी कान नेले असणार. त्या अरुंद कमानीखाली समोरासमोर उभं राहिलं की आवाज घुमतो, तेवढाच त्यांच्यापर्यंत पोचतो. म्हणून तर हे दर पुलाखाली थांबतात. मला कळलंय हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. परतताना मात्र सायकलींच्या बाजूने मी चालले.

काय करू ते कळवा. सध्या लोभापेक्षा सल्ल्याची गरज आहे.

तुमची वहिनी

ता. २४ नोव्हेंबर

ती. वहिनीस सा. न.

चिमटा परत घेतला. फोन उचलत नाही म्हणून मी भावावर रुसून बसले होते, याची लाज वाटते. पण ही लपवाछपवी चालायची नाही. पुढचा सायकलवाला गवतात जाईलच असं नाही. तुम्हाला कळलंय हे त्याला सांगा, आणि घरी सांगू नका, घरी तो 'हं' म्हणेल. इथे कानाचे चांगले डॉक्टर आहेत. दोघं या, मी वेळ घेऊन ठेवते. त्याला तयार करणं तुमच्याकडे.

तुमची नणंद

ता. २ डिसेंबर

प्रिय वन्संना स.न.वि.वि.

काल पुलाखाली सांगितलं. आधी म्हणाले, छे. मग कमानीच्या विटांकडे बघत कबूल केलं. त्यांना भीती होती की कळलं तर मी गल्लीभर सांगेन आणि त्यांच्याशी ओरडून बोलेन. पहिलं मी करणार नाही, दुसरं आधीपासूनच करते. मी म्हटलं, मला वाटलं तुम्हाला माझा कंटाळा आला. त्यावर त्यांचा चेहरा असा पडला की मलाच रडू आलं. डॉक्टरांकडे यायला तयार आहेत.

मी निघायला उठले, तर हाताला धरून बसवलं आणि विचारलं, गेली दोन-तीन वर्षं घरात तू जे जे बोललीस ते काय होतं. मी म्हटलं, अर्धं विसरले, उरलेल्या अर्ध्यात तुम्हाला शिव्या होत्या. ते म्हणाले, चालेल, पहिल्यापासून सांग.

सांगायला बसले. ऊन पुलाच्या पलीकडे गेलं तरी आमचं पहिलंच वर्ष चाललं होतं. बाकीचं प्रवासात सांगते म्हटलं, तर म्हणाले, गाडीच्या आवाजात नको, आधी इथे संपव. तेव्हा वन्सं, सोमवारची वेळ घेतली असेल तर ती बदला. गुरुवारची घ्या.

लोभ आहे हे ठाऊक आहे, तरी लिहीत जा.

तुमची वहिनी