गोजराबाईंची मागची भिंत

ऐरोली, सेक्टर आठ,
शनिवार, दुपार.

तीर्थरूप देवजीमामा यांना भाचा अरविंद याचा प्रभूमध्ये सलाम. मामींनाही सलाम, आणि गोठ्यातली ती मारकुटी म्हैस अजून असली तर तिलाही. इकडे आम्ही प्रभूच्या दयेने ठीक आहोत. सुनीतीचं पित्त, माझी पाठ आणि सोसायटीची लिफ्ट सोडली तर तक्रारीला जागा नाही. तुमचा गुडघा कसा आहे? चढताना दुखतो की उतरताना, आणि परांचीवर उभं राहून काम करण्याइतका बरा आहे का, ते सविस्तर कळवावं. सहज विचारतोय. तुम्ही म्हणाल, चार वर्षं ज्याला सवड नव्हती तो आज कागदावर पत्र लिहायला कसा बसला? तर मामा, मी फोन दोनदा केला. दोन्ही वेळा मामींनी उचलला आणि तुम्ही रानात गेलात असं सांगितलं. (दोन्ही वेळा मागे तुमचा खोकला मला स्वच्छ ऐकू आला.) आमच्या मनस्वीच्या वाढदिवसाला मी माझ्या साहेबांशी तुमची ओळख ‘कन्स्ट्रक्शन लाइनमध्ये आहेत’ अशी करून दिली, आणि तुम्ही ‘मी गवंडी आहे’ एवढं बोलून न जेवता निघून गेलात, ते मी विसरलेलो नाही. पण आज तो विषय नको. आज फक्त खुशाली आणि थोडी करमणूक.

आमच्या मंडळीच्या तरुण संघाने नुकतीच सेवा केली, तिची हकीकत तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. झालं असं की दोनेक महिन्यांपूर्वीच्या उधाणात उरणच्या बाजूचा एक खारबांध फुटला, खाडीचं पाणी एका गावात शिरलं आणि काही घरांच्या भिंती बसल्या. रविवारी उपासना संपल्यावरच्या सूचनांमध्ये पाळकसाहेबांनी ही बातमी वाचली आणि तरुण संघ एकदम पेटून उठला. पेटून उठला म्हणजे त्याने टी-शर्टचा रंग ठरवायला बैठक बोलावली. निळा की पोपटी, यावर तीन रविवार गेले. मग पाठीवर वचन छापायचं की नाव, यावर दोन गेले. तिकडे लोक ताडपत्री लावून झोपत होते आणि इकडे आम्ही अक्षरांचा आकार ठरवत होतो. संघाचा सेक्रेटरी तेजस हा इथल्या आयटी पार्कात कसलासा लीड आहे (कसला, ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही). त्याने कॉम्प्युटरवर तीन दिवसांचा तक्ता तयार केला. त्यात ‘टीमची एकमेकांशी ओळख’ याला एक दिवस होता, ‘साक्ष आणि समर्पण’ याला एक दिवस होता, आणि ‘भिंत’ याला अर्धा. मी विचारलं, उरलेल्या अर्ध्या दिवसात काय? तर म्हणे बफर.

चौदा तरुण, एक ढोलकी, दोन गिटार आणि ज्येष्ठ मार्गदर्शक म्हणून मी, असे आम्ही निघालो. माझी निवड कशी झाली विचाराल तर सगळा गैरसमजाचा भाग आहे. कमिटीत मी एवढंच म्हणालो होतो की बांधकाम आमच्या रक्तातच आहे. (वीस वर्षांत हे वाक्य मी ऐरोलीत पहिल्यांदाच उच्चारलं, आणि तेही चौदा पोरं कौतुकाने बघत होती म्हणून.) आमची मनस्वी फोटो विभागाची प्रमुख होती. खरं तर त्या तीन दिवसांत नेटाने राबलेला विभाग तेवढाच.

आमच्या वाट्याला घर आलं गोजराबाईंचं. साठीची आगरी बाई, नवरा वारलेला, मिठागरात राबलेली. घराच्या तीन भिंती शाबूत, मागची पार आडवी, आणि छपराला बांबूचे टेकू. तिची एकुलती एक मुलगी दिघ्याला दिलेली आहे. तिला दिवस गेलेले, पहिलटकरीण, बाळंतपणाला आईकडे यायचं. पण सासरच्यांनी स्पष्ट निरोप धाडला होता की मागून उघड्या घरात आम्ही सून पाठवणार नाही. भिंत झालेली दिसली तर पोर पाठवू, नाहीतर बाळंतपण इथेच. आणि दिघ्याच्या एका खोलीत सात माणसं, त्यातली सासू दम्याची. गोजराबाईंनी बसमधून उतरलेल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. ‘माजी पोर बालंतपनाला येवाची हाय. भित कवा होल?’ तेजसने तिला तक्ता दाखवला.

पहिला दिवस तक्त्याप्रमाणे गेला. आम्ही गोल बसून एकमेकांना आपापली नावं सांगितली, जी लहानपणापासून सगळ्यांना पाठ आहेत. मग आवडतं फळ सांगितलं. गोजराबाई दारात उभी राहून हे बघत होती. दुपारी आम्ही तिच्यासाठी खुर्ची आणली, तिच्या गळ्यात हार घातला आणि सांगितलं, ताई, तुम्ही आता बसा, आम्ही सेवा करायला आलोय. मामा, ही बाई या घराच्या पहिल्या बांधणीत नवऱ्याबरोबर डोक्यावरून विटा वाहणारी. ती खुर्चीतून तीन वेळा उठली आणि तीन वेळा आमच्या पोरींनी तिला प्रेमाने खाली बसवलं. एकदा ती ‘इटा भिजवा’ म्हणाली. त्यावर मनस्वीने तिचा फोटो काढला. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा गाणं चालू होतं. मग ती चुलीकडे गेली आणि आमच्यासाठी स्वतःच्या दोन कोंबड्या कापल्या. आम्ही त्या खाल्ल्या आणि जेवणानंतर कृतज्ञतेवर चर्चा केली.

दुसऱ्या दिवशी भिंत. तुम्ही हे वाचताना खाटेवर बसलेले असावेत एवढीच प्रार्थना. विटा कोरड्या. खालच्या दोन विटांच्या सांध्यावर वरच्या विटेचं पोट यायला हवं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पण आमच्या कॉम्प्युटरवाल्यांनी विटेवर वीट, सांध्यावर सांधा, खालपासून वरपर्यंत रेघा मारल्यासारखी चार इंची भिंत चढवली. एका दिवसात, पार माथ्यापर्यंत. तेजस दहा पावलं मागे जाऊन म्हणाला, किती क्लीन दिसतेय! दिसत होती, खोटं कशाला बोलू. वहीच्या चौकटींइतकी नीट दिसत होती. बाजूच्या जुन्या भिंतीत एक वीट घुसवून जोड घ्यायचा असतो, तेही राहिलं, कारण जुनी भिंत रंगाने मॅच होत नव्हती.

तिसरा दिवस रविवार. पाळकसाहेब स्वतः आले, घराचं समर्पण झालं, फीत कापली, आणि मग साक्षी सुरू झाल्या. चौदापैकी अकरा जणांनी एकच साक्ष दिली की आम्ही द्यायला आलो होतो, पण आम्हालाच खूप काही मिळालं. (अक्षरशः खरं आहे. दोन कोंबड्या मिळाल्या.) मग निघण्याआधी परसात सगळ्यांचा एकत्र फोटो ठरला. भिंत मागे दिसायला हवी म्हणून सगळे तिला टेकून उभे राहिले, एक पाय मागे भिंतीवर, हल्लीची फॅशन आहे तशी. मनस्वीने एक फोटो काढला. मग कुणीतरी म्हणालं, आता एक हसरा. हसऱ्याला सगळे जरा मागे रेलले आणि भिंत आत पडली. आवाजसुद्धा फार झाला नाही. तेजस पाठीवर पडून आकाशाकडे बघत राहिला, ढोलकीवाला थेट गोजराबाईंच्या चुलीपर्यंत गेला. कुणाला खरचटण्यापलीकडे लागलं नाही. घरात त्या वेळी कुणी नव्हतं आणि टेकू काढायचे राहून गेले होते, म्हणून छप्परही वाचलं.

त्यानंतर काय व्हायला हवं होतं, मामा? थांबायला हवं होतं. पण बस पाच वाजता निघणार होती आणि सोमवारी प्रत्येकाची मीटिंग होती. तेजसने जाहीर केलं की दुसरा टप्पा लवकरच आखू. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, ती मात्र छान केली. गोजराबाई आम्हाला सोडायला आली नाही. ती आत वाकून विटा वेचत होती, अख्ख्या एकीकडे, अर्ध्या एकीकडे. मी जवळ गेलो, तर वर न बघता म्हणाली, ‘इटा चांगल्या हायत. बांधनारा पायजे.’ पुढच्या रविवारी उपासनेच्या वेळी मंदिरात मोठ्या पडद्यावर तो पहिला फोटो झळकला, पडण्याच्या आधीचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढचं सांगणारा कुणी उठलाच नाही. मीही टाळ्या वाजवल्या, कारण पडद्यावर मी मधोमध होतो.

तर अशी आमच्या तरुण पिढीची गंमत. मामींना सलाम सांगा. गुडघ्याला एरंडेल लावत जा.

आपला भाचा,
अरविंद

ता. क. – वर सांध्यावर सांधा लावण्याचं खापर मी पोरांच्या डोक्यावर फोडलंय. ते तसं नाही. तेजसने मला विचारलं होतं. अंकल, वीट अर्धी सरकवायची असते का, असं अगदी नीट विचारलं होतं. आणि मला आठवेना, मामा. दहा वर्षांचा असताना तुमच्या हाताखाली अख्खी सुट्टी विटा दिल्या आणि मला आठवेना. ‘आठवत नाही’ म्हणायची लाज वाटली, म्हणून म्हणालो, सरळ रेषेत लावा, मजबूत होते. दोरी धरून मीच उभा होतो.

ता. क. २ – तुम्ही येऊन ती भिंत बांधून द्याल का? तिकडचे सगळे गवंडी मोठ्या इमारतींवर लागलेत, एका भिंतीसाठी कुणी वळूनही बघत नाही. माल कालवायला, घमेली उचलायला मी आहे. ऑफिसात आठवड्याची रजा टाकली आहे. तुम्ही मला वाटेल ते बोला, फक्त या.

ता. क. ३ – एक गोष्ट लिहायची टाळत होतो. तो पहिला फोटो मनस्वीने काढून ग्रुपवर टाकला त्याच क्षणी मी उभ्या उभ्या तो गोजराबाईंच्या जावयाला पाठवला. ‘भिंत झाली, खुशाल पाठवा’, असं लिहून, खाली माझं नाव. मग भिंत पडली, आणि पडली हे कळवायला माझा हात धजावला नाही. काल ऑफिसातून परस्पर तिकडे गेलो, तर पोरगी घरात. जावयाने तिला गावच्या नाक्यावर रिक्षात बसवून दिलं आणि तो तसाच ड्युटीला गेला. मागच्या बाजूला तरुण संघाचा बॅनर बांधलाय आणि त्याच्याआड ती झोपलेली. आठवा सरत आलाय. हे पत्र शेजारच्या दिनानाथच्या हाती देतोय, तो उद्या सकाळी तुमच्या राहुरीत असेल आणि संध्याकाळी गाडी घेऊन परत निघेल. पुढची सीट मी मोकळी ठेवायला सांगितली आहे.