अकराशे वॅट

४ जानेवारी
हीटर गेला! सकाळी घुर्रर्र केलं आणि गप्प. वायरमन म्हणाला, "ताई, पार्ट मागवावा लागेल. महिना तरी धरून चाला." हॉलमध्ये बोटं आखडतात, प्रूफं तपासणार कशी? उद्यापासून लेकीच्या खोलीत बसेन. लहानशी आहे, एकच खिडकी. तिला कळवलं — हीटर बंद पडलाय, रोज नऊला तुझ्या टेबलावर बसतेय.

उत्तर आलं: नुसता अंगठा. परदेशी शिकायला गेल्यापासून अंगठेच येतात.

५ जानेवारी
टेबलाखाली तिचा कॉम्प्युटर. ट्रंकेएवढं काळं खोकं, आत तीन ग्राफिक्स कार्डं. वर्षभर शिकवण्या घेऊन जमवलेला. बॅगेत मावला नाही. "बंद करू नकोस हं आई, मी तिकडून चालवेन." किती वीज ओढतो ते दाखवणारा छोटा मीटर प्लगला लावून गेलीय. नुसता जागा असला की शंभर वॅट.

निघताना मीच म्हणाले होते, "या खोक्याशी बोलतेस त्याच्या निम्मं तरी माझ्याशी बोलली असतीस!" ती टॅक्सीत बसली. मागे वळून पाहिलं नाही. त्यानंतर एक फोन नाही.

७ जानेवारी
मीटर चढला! मी खुर्चीत टेकते तोच खोक्यातले पंखे घोंगावले, आकडा शंभरावरून थेट अकराशे. तीच! तिकडे आता मध्यरात्र, यावर गेम खेळत असणार. स्क्रीन काळाच होता, तरी मी हात हलवला. वेडी कुठली.

१० जानेवारी
रोज. बरोबर नऊला.

वायरमन डोकावून गेला. "ताई, हा कॉम्प्युटर की भट्टी? खाल्लेली सगळी वीज गरमीच करून टाकतो! याच्याबरोबर गिझर लावलात तर फ्यूज उडालाच म्हणून समजा."

म्हणून आता नऊच्या आत अंघोळ उरकते. ती इथे होती तेव्हाही बाथरूमच्या नंबरावरून आमची जुंपायचीच. एकटीच हसले — मोठ्यानं.

१३ जानेवारी
खोलीत इतकी ऊब की शाल काढून ठेवली. बरं वाटतं. आणि बरं वाटतं म्हणूनच राग येतो. रात्ररात्र खेळायला वेळ आहे, आईशी दोन शब्द बोलायला नाही.

१८ जानेवारी
न राहवून फोन केला. वाजून वाजून बंद झाला. मीटरवर अकराशे! खेळ हातचा सोडवत नसेल बाईसाहेबांना.

१९ जानेवारी
प्लग खेचला. तिला लिहिलं, "आता खेळ बघू!"

पंखे थांबले आणि घरात कुणीच उरलं नाही. दुपारपर्यंत खोली गारठली. शाल पांघरून बसले, एक पानही झालं नाही.

२० जानेवारी
तिचा मेसेज:

"कसला खेळ, आई? परीक्षा चालू आहे माझी. फोन आला तेव्हा झोपले होते गं. तू तिथे बसतेस म्हणालीस ना, म्हणून रोज नऊला तिन्ही कार्डं आपोआप पूर्ण जोरात चालतील असं लावून ठेवलंय. काम काही नाही, नुसती खोली तापवायला. हीटर आला का? नसेल तर लाव ना प्लग."

लावला.

चार ओळी लिहिल्या, पुसल्या. शेवटी मीही अंगठाच पाठवला.