मधलं दार बंद धरून

प्रिय सूनबाई,

एसीचं काय झालं, असं तू बदलीच्या गावाहून फोनवर रोज विचारतेस आणि मी काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेते. आज सगळं सविस्तर लिहिते. एसी बसला. बाबा आत्ता त्याच्याखाली मस्त घोरत पडलेत, आणि उठले की डोळ्याला डोळा लागला नाही असं मलाच सांगणार आहेत.

दुकानातला माणूस मापं घ्यायला आला होता. मला वाटलं, भिंत बघेल आणि मशीन सांगेल. कसलं काय! आमच्या खोलीची लांबी-रुंदी, छताची उंची, वर गच्ची आहे का, खिडकीवर ऊन कधी येतं, सगळी उलटतपासणी झाली. डॉक्टरांनी उकाडा टाळा म्हटल्यापासून बाबा रुसून बसले होते, पण त्या दिवशी टेपचं दुसरं टोक धरून त्याच्या मागे मागे फिरत होते. एक टनाचं वजन आपल्या भिंतीला पेलेल का, असंही त्यांनी विचारून घेतलं. तो बिचारा हसू दाबत म्हणाला, काका, ते वजन नव्हे, गार करायची ताकद. मग मलाही हसू आवरेना. फार दिवसांनी या घरात कुणी मोठ्याने हसलं.

मग तो मधल्या दाराशी थांबला. आमच्या आणि तुझ्या खोलीमधल्या. हे उघडं असतं की बंद, म्हणाला. उघडं असेल तर दोन्ही खोल्या धरून मोठं मशीन लागेल, बंद असेल तर एक टनाचं पुरे. बाबा म्हणाले, उघडंच असतं. खरंच आहे ते. माझा लेक, लंबू गेल्यापासून तू ते कधी लावलंच नाहीस. बाबांना धाप लागली तर ऐकू यायला हवं, म्हणायचीस. तुझ्या वयाच्या मुली काय काय स्वप्नं बघत झोपतात, आणि तू सासऱ्याच्या श्वासाकडे कान लावून पडायचीस.

पुढचं त्याने अगदी सहज विचारलं. माणसं किती झोपतात? माणसाच्या अंगाची उष्णतासुद्धा हिशोबात धरावी लागते म्हणे. बाबा पटकन म्हणाले, चार. मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते टेप गुंडाळत होते. त्या माणसाला काय माहीत चौथा कोण? त्याने चार लिहून घेतले. लंबूला जाऊन तीन उन्हाळे झाले, आणि त्याच्या अंगाची ऊब धरून हिशोब चालला होता. मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून पोटभर रडले.

तो गेल्यावर मी विषय काढला. म्हटलं, लहानच घेऊ, दार लावून. बाबा असे तडकले की विचारू नकोस. सून परत आली की ती उकाड्यात झोपणार का, म्हणाले. मी म्हटलं, दोघांच्या खोलीला मोठं मशीन लावलं तर ते झटकन गार करून थांबतं, दमटपणा तसाच राहतो, हे तुमच्यासमोरच तो सांगून गेला ना? आणि ती परत यावीच असं तुम्हाला का वाटतं? मग तुझ्या आईचा फोन आला होता, ते मी त्यांना सांगितलं.

हो, मला सगळं कळलंय. तुझ्या हॉस्पिटलातला तो औषधांचा माणूस, गोळ्यांच्या पाकिटांवर इतकं बारीक लिहितो की म्हाताऱ्या पेशंटना भिंग लागतं, म्हणून तू ज्याला हसायचीस, त्याने तुला लग्नाचं विचारलं. तू नाही म्हणालीस. वर परत इकडे बदली मिळावी म्हणून अर्जही करणार आहेस, कारण इकडच्या आई-बाबांचं कोण बघणार. आम्हाला मात्र एका शब्दाने बोलली नाहीस. मोठी शहाणी!

हे ऐकून बाबा जेवले नाहीत. पुढे कितीतरी दिवस आमच्यात अबोला होता. खोटं कशाला लिहू, मीसुद्धा मनातून त्यांच्याच बाजूची होते. मला तू हवी आहेस गं. कपाट उघडलं की तुझ्या ओढण्या दिसतात तेवढ्यावर माझा दिवस जातो. कितीदा तरी वाटलं, जाऊ दे, घ्यावं मोठं मशीन, येऊ दे तिला.

परवा सकाळी बाबा तुझ्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. मी हाक मारली नाही. आले ते थेट फोनपाशी गेले आणि दुकानदार बहिरा असल्यासारखं ओरडून म्हणाले, माणसं दोन लिहा, मधलं दार बंद धरा. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, तिला तू कळव, मला जमणार नाही.

म्हणून हे पत्र. आमच्या मशीनमध्ये तुझी खोली धरलेली नाही, सूनबाई. तुला दूर लोटायला नाही, तुला मोकळं करायला. बाबांच्या औषधांचं मी बघेन, खालच्या मजल्यावरची नर्स हाकेच्या अंतरावर आहे, आणि धाप ऐकायला मी काही मेलेली नाही. तो चांगला माणूस आहे, तुझ्या हसण्यावरूनच मला कळलं होतं. त्याला हो म्हण. लंबूला विसर असं मी म्हणत नाही, तसं म्हणायची माझी छाती नाही. फक्त त्याच्यासाठी आमच्यापाशी अडकून राहू नकोस. आणि हे वाचून झाल्यावर मला लगेच फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला की मी शब्द फिरवीन, नको जाऊस म्हणेन, आणि तू लगेच ऐकशील. आधी त्याला कर.

तुझीच,
आई